भाकरी कुणाला इकायचीय?

स्वयंपाकघरातला काटा शून्यावर आणला की बारीकसा ‘टुक्’ असा आवाज होतो. चार महिन्यांत घरातल्या कुणी त्याची चौकशी केली नव्हती. कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, तसाच तोही एक आवाज होऊन गेला होता. आत्यानं मात्र तो लगेच पकडला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला ती दहिवडीहून एसटीनं आली होती. ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा, टेबल-खुर्ची सोडून खाली भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात ताट. मी ओट्यापाशी उभी राहून माझी भाकरी काट्यावर ठेवली, आकडा बघितला, कोपरा मोडला, काटा पुन्हा शून्यावर आणला, टुक्, भाकरी परत ठेवली. “काय वाजतंय गं?” काटा आहे, म्हटलं. “कशाला?” भाकरीला. ती जरा थांबली. आणि मग थट्टा नाही, टोमणा नाही, बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, “भाकरी जोखतीयास व्हय? कुणाला इकायचीय का?”

पोरं खो खो हसली. नवरा ताटात बघत हसला. मीही हसले आणि तिला समजावून सांगितलं की वजन कमी करायचंय, मोजून खाल्लं की कमी होतं, नऊ किलो झालंसुद्धा. “व्हय?” म्हणाली. मग आमटीत तुकडा बुडवता बुडवता, आपल्याशीच बोलल्यासारखं, “आमाला बी मोजूनच मिळायचं की.”

एवढंच. पुढं काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मोजण्याबद्दल मला कुणी काही बोललं की लागतं, कारण माझी रोजीरोटीच मोजण्यावर आहे. बावीस वर्षं एका पतसंस्थेत कॅशियर आहे. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरची गर्दी काचेपलीकडून बघत नोटा मोजायच्या, मशिनवर घालायच्या, तरी सवयीनं एकदा हातानं मोजायच्या. संध्याकाळी कॅश जुळली तर घरी, नाही जुळली तर जुळेपर्यंत तिथंच. म्हणून मागच्या वर्षी डॉक्टरांनी, वजन चौऱ्याहत्तर, उंची पाच फूट दोन इंच, साखर काठावर, असं सगळं लिहून “वजन उतरवा” म्हटलं, तेव्हा मला ते काम माझ्याच खात्यातलं वाटलं. आत किती आलं, बाहेर किती गेलं. जमा आणि नावे. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 कॅलरी, म्हणजे रोज पाचशेची तूट पाडली की पंधरवड्याला किलोभर. यात न कळण्यासारखं काय आहे? उलट गंमत वाटली. जन्मभर कॅश शॉर्ट यायला भ्याले, कारण शॉर्ट आली की खिशातून भरावी लागते. आणि इथं रोज मुद्दाम पाचशे शॉर्ट आणायचे, वर त्याबद्दल मोबाइलमधल्या अ‍ॅपवर हिरवं वर्तुळ मिळवायचं. पाचशेची सवय झाली तशी मी सातशे-आठशेची तूट पाडायला लागले. दिवसाला अकराशे कॅलरी, त्यावर एक नाही.

त्या अ‍ॅपमध्ये भाकरी नव्हती. रोटी होती, नान होता, सहा प्रकारचे पराठे होते. ज्वारीचं पीठ सापडलं, शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणून मी पीठ जोखायला लागले. मग लक्षात आलं, की चौघांचं पीठ एकत्र मळलं की माझ्या वाट्याचं किती ते कळत नाही. म्हणून झालेली भाकरी जोखायला लागले. आणि भाकरी ही फार फसवी वस्तू आहे. थापलेली जड, तव्यावर पाणी उडालं की हलकी, फुगून वाफ गेली की आणखी हलकी, डब्यात घाम धरला की परत जड. पाच-सात ग्रॅमच्या या खेळात मी इतकी रमले, की भाकरीबरोबर काय खायचं याचा विचारच मागं पडला. उडदाचं घुटं त्या यादीत नव्हतं. हुलग्याचं माडगं नव्हतं. शेंगोळ्यांचं तर नाव टाकल्यावर भलतंच काही समोर आलं. ज्याचा आकडा सापडेना ते शिजवायला नको वाटायला लागलं. आणि ज्याच्या पुड्यावर आकडा छापलेला, ते खाणं सोयीचं. चार मारी बिस्किटं, शंभर. संपला हिशेब. सातारच्या घरात, जिथं भाजीपासून चटणीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट पडतं, तिथं मी कुटाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, कारण मूठभर दाण्यांत पावणेदोनशे. फोडणीला चमचाभर तेल, पंचेचाळीस, बंद. अंड्याचा बलक, बंद. दूध, बंद. आमटी इतकी पातळ, की वाटीचा तळ दिसावा.

पेढा तेवढा बंद केला नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. कंदी पेढ्याच्या बाबतीत सातारकर माणसाकडून फार अपेक्षा ठेवू नये. मोती चौकातून जाताना खवा भाजल्याचा तो करपटाच्या अगदी अलीकडचा वास येतो ना, दूध आटून आटून तपकिरी होत आलेलं, त्या वासाला मी लहानपणापासून बांधलेली आहे. शिवाय आमच्या काउंटरवर पेढे येतातच. कुणाचं कर्ज मंजूर झालं, कुणाच्या पोराचा दहावीचा निकाल लागला, कुणाचा ट्रॅक्टर आला. पुडा काचेच्या फटीतून आत सरकतो, नाही म्हणायची सोय नसते. मग मी दुपारचीच डाळ सोडायची आणि ते शंभर पेढ्यासाठी राखून ठेवायचे. आकडा तोच. डाळीच्या वाटीचे शंभर आणि पेढ्याचे शंभर यांत अ‍ॅपला फरक दिसत नव्हता, आणि मला तो बघायचा नव्हता.

चार महिन्यांत चौऱ्याहत्तरची पासष्ट झाले. लोकांनी इतकं कौतुक केलं की सांगता सोय नाही. खातेदार बायका पासबुक पुढं करायच्या आधी “मॅडम, काय करता?” विचारायच्या. ब्लाउज आत घेतले, अंगठी सैल झाली, जुनी हिरवी साडी अंगाला बसली. दुसऱ्या बाजूला न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका दर रविवारी वाढत होता, तो मी पाण्याच्या माथी मारला. पीठ मळताना दंड भरून यायचे, ते वयाच्या. आणि अजिंक्यतारा! चौऱ्याहत्तर किलोची होते तेव्हा धापा टाकत का होईना, रविवारी मंगळाईला पाया पडून खाली यायची. नऊ किलो कमी होऊन चढायला लागले तर वाटेत दोनदा कठड्याला टेकावं लागलं. छाती धडधडायची. हाफ मॅरेथॉनवाली पोरं शेजारून भराभर वर जायची, त्यांच्या टी-शर्टांकडं बघत मी घोटभर पाणी प्यायचे आणि मनगटावरचं घड्याळ किती कॅलरी जळाल्या ते सांगायचं, त्यावर समाधान मानायचे.

ऑपरेशनच्या आठव्या दिवशी तपासणी झाली, डॉक्टरांनी सांगितलं की घरात आता चष्मा नको. संध्याकाळी गॅलरीत आत्या बसली होती, समोर यवतेश्वरच्या बाजूला ऊन उतरत होतं. तिला तो नवा उजेड सोसत नव्हता आणि सोडवतही नव्हता. भिंतीचा रंग पिवळा समजत होती, तो पांढरा निघाला, याचं तिला भयंकर नवल. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडं बघतच राहिली. “अगं बया, ही कशी दिसतीयास?” बारीक झालेय ना, मी म्हटलं, थोडी फुशारकीनंच. तिनं मला वाकायला लावलं आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. त्या अंगठ्याला अजून खुरप्याचा घट्टा आहे. “मला आत्ता समदंच पांढरं दिसतंय म्हणा,” ती म्हणाली, “पर हे लईच पांढरं हाय. दावून ये कुणाला तरी.”

हिमोग्लोबिन 9.2 निघालं. बाईमाणसाला बाराच्या खाली आलं की त्याला पंडुरोग म्हणतात, म्हणजे मी बरीच खाली होते. बी-12 तळाला, लोहाचा साठा तर जवळजवळ रिकामाच. डॉक्टरांनी आधी पाळीची चौकशी केली, आणि ती खरंच दीड वर्ष जास्त जात होती. “सगळं डाएटच्या डोक्यावर फोडू नका,” ते म्हणाले, “पण जात होतं तेवढं तुम्ही भरतही नव्हता.” गोळ्या दिल्या आणि एका आहारतज्ज्ञ मुलीकडं पाठवलं. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं माझा मोबाइल घेतला, चार महिन्यांची हिरवी वर्तुळं भराभर वर सारली, आणि बोटानं पान खाली ओढलं. तिथं आणखी एक यादी होती. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, असं बरंच काही, प्रत्येकापुढं एक पट्टी. माझ्या पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्याही भरलेल्या नव्हत्या. दिवसाला प्रथिनं अठ्ठावीस-तीस ग्रॅम. सरकारी शिफारसच किलोमागं 0.83 ग्रॅम आहे, म्हणजे मला नुसतं चालतं-बोलतं राहायला पंचावन्नच्या आसपास हवीत. आणि तूट पाडून खाणाऱ्याला त्याहून जास्त, ती म्हणाली, सत्तर-पंच्याहत्तर तरी. मग तिनं एक प्रश्न विचारला, अगदी गोड आवाजात.

“वजन कमी झालंय मॅडम. पण कशाचं?”

रोज संध्याकाळी क्लोजिंगला मी नुसती बेरीज देत नाही. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती, फाटक्या किती, ते कोष्टक भरून द्यावं लागतं. नुसती बेरीज घेऊन गेले तर साहेब कागद हातात धरणार नाहीत. बावीस वर्षं ते कोष्टक भरणारी मी, आणि स्वतःच्या बाबतीत चार महिने फक्त खालची बेरीज बघत होते. ती मुलगी समजावत होती, की शरीराला तूट पडली की ते फक्त चरबीच काढतं असं नाही, स्नायूही काढतं. आणि खाणं फारच कमी केलं, तर खाल्लेलं प्रथिनसुद्धा जळणात जातं. मला घरातलं दिसलं. सरपण संपलं की माणूस आधी काटक्या शोधतो, मग पाट चुलीत घालतो. माझे दंड, मांड्या, गड चढायचं बळ, सगळे पाट चुलीत गेले होते. आणि चार महिने बिनतेलाच्या पालेभाज्या चावून चावून खाल्ल्या, त्यातलंही पुरतं अंगी लागलं नव्हतं, कारण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं आतड्यातून आत जायला चमचाभर तरी तेल लागतं. पंचेचाळीस कॅलरी वाचवल्या होत्या मी. गाजराच्या कोशिंबिरीवरची फोडणी वाचवली होती.

माझे वडील शाळामास्तर होते, खटाव तालुक्यात बरीच वर्षं काढली त्यांनी. तिथल्या बुध गावात 1911 साली जन्मलेल्या पां. वा. सुखात्म्यांचं नाव ते वर्गात हटकून घ्यायचे. “जगाची भूक मोजणारा माणूस आपल्या तालुक्यातला आहे रे,” असं. संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं आकडेवारीचं खातं त्यांच्याकडं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, भूक ती काय मोजायची. त्या मुलीकडून आल्यावर वडिलांच्या जुन्या कात्रणांत त्यांच्यावरचं शोधून वाचलं. दोन गोष्टी सुखात्मे सांगत राहिले. एक, की आपल्याकडच्या गरिबाच्या जेवणात प्रथिनं कमी पडतात त्याचं मूळ बहुतेक वेळा जेवणच कमी पडण्यात आहे. पुरेसं जळण नसेल तर प्रथिनही जळतं. म्हणजे ती पोरगी मला सांगत होती तेच. आणि दुसरी, की एकाच माणसाची गरज रोज तीच नसते. आज जास्त, उद्या कमी, आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेतं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा माझ्या हिरव्या वर्तुळाचं हसू आलं. शरीराला रोज सायंकाळी साडेपाचला कॅश जुळवून शटर ओढायचं नसतं. एक दिवस चौदाशे झाले म्हणून मी रात्री काकडी खाऊन झोपायचे, ते कुणासाठी?

पण त्या दुसऱ्या गोष्टीवरून सुखात्म्यांवर टीकाही खूप झाली, आणि तीही मला पटते. शरीर सावरून घेतं असं म्हटलं, की उपाशी माणसांची संख्या कागदावर कमी होते. सावरून घेण्याची किंमत कोण मोजणार? माझी आत्या चार फूट दहा इंच आहे. तिची धाकटी बहीण, बाहत्तरच्या दुष्काळानंतर खाऊन-पिऊन वाढलेली, पाच फूट तीन. यावरून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे, दोन बहिणींवरून कुणी कोष्टक मांडत नाही. पण लग्नात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की माझी नजर तिकडं जातेच.

मग एका दुपारी घेवडा निवडताना मी तिला विचारलंच. कोरेगावचा वाघ्या घेवडा, तांबूस दाण्यावर गडद रेघा, सुपात पसरलेला. नव्या डोळ्यानं तिला प्रत्येक दाण्यावरची रेघ दिसत होती आणि ती मला दाखवत होती. मोजून मिळायचं म्हणालीस ते काय, विचारलं. बाहत्तर साल, म्हणाली, आणखी काय. नुकतं लग्न झालेलं, अठराची असेल. नवराबायको दोघंही खडी फोडायला. मुकादम टेप लावून ढीग मोजायचा, मग पैसे. रेशनला मिलो, तांबडी अमेरिकेची ज्वारी, मोजून. कामावर सुकडी, तीही मापानं. घरी सासू पीठ मापट्यानं काढायची आणि वरून हात फिरवून सपाट करायची, दाणाभर वर नको. “पोट भरायचं गं,” म्हणाली. “मिलोनं पोट भरायचं. खोटं कशाला बोलू? पर अंगात काय नसायचं. आन् सांजच्याला दिसायचं न्हाई. दिवस मावळला की म्या भित धरून चालायची. सासू म्हनायची सोंग करती कामाचं.” पुढच्या साली पाऊस पडला, बांधाला तांदुळजा आला, पाथरी आली, चिघळ आली. बायका ओटीत घेऊन यायच्या, जरा तेल मिळालं तर तेलावर, नाहीतर तशीच. “म्हैनाभरात दिसाय लागलं मला. मला वाटलं देवीनं दिलं.”

रातांधळं होतं ते, अ जीवनसत्त्वाच्या अभावानं होतं तसं. मी तिला ते सांगितलं. “आसंल,” म्हणाली आणि एक किडका दाणा बाहेर टाकला.

त्या दिवसापासून मला एक वाक्य ऐकवत नाही, गडावर फिरायला येणाऱ्या काकांचं आवडतं: पूर्वीची माणसं कुठं कॅलरी मोजत होती? मोजत होती की. चिपटं, मापटं, शेर, पायली, ही मापं काय शोभेला होती घरात? फक्त ते मोजणं पुरवण्यासाठी होतं. सुगीपर्यंत पुरलं पाहिजे, सात तोंडांना पुरलं पाहिजे. माझं उलटं. माझ्या घरात पुरून उरतं, म्हणून मोजायचं. हे मनात आलं की काटा बाहेर काढताना थोडं अपराधी वाटतं. पण त्या अपराधीपणानं माझी साखर उतरत नाही, गुडघे दुखायचे थांबत नाहीत. वजन कमी व्हायला हवं होतं आणि अजून हवंय, ते खोटं नाही. काटा कचऱ्यात टाकून पोटभर खा, असं कुणी सांगायला लागलं की मला तेही पटत नाही. तूट पाडल्याशिवाय वजन उतरत नाही, एवढं त्या हिशेबातलं खरं आहे आणि खरंच राहणार.

आता दुपारच्या डब्यात मोड आलेली मटकी किंवा घेवड्याची उसळ असते, वर लिंबू पिळलेलं, कारण कडधान्यातलं लोह लिंबाच्या संगतीनं बरं अंगी लागतं, आणि मोड आणले की आणखी थोडं. चहा जेवणानंतर लगेच नाही, तासाभरानं. हे पाळणं मला पेढा सोडण्याहून अवघड गेलं, आमच्या शाखेत चहावाला बरोबर पावणेदोनला येतो. सकाळी दोन अंडी, बलकासकट. रात्री घुटं परत सुरू झालं. उडीद शिजवून घोटायचा, आलं-लसूण-मिरचीचा खर्डा घालायचा, आणि एक चमचा तेलाची फोडणी. घरभर वास सुटला तसा नवरा म्हणाला, “कोण आलंय?” दाण्याचा डबा खालच्या फळीवर आलाय, पण कूट मी चमच्यानं घेते, मुठीनं नाही. भाकरी एकच, कधी दीड. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये काढलेल्या सूचनांत दिवसाच्या उष्मांकांपैकी धान्यातून पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त नकोत असं आहे. मी माझं जुनं ताट त्या मापानं बघितलं तर भाकरी, मुरमुरे आणि बिस्किटं मिळून निम्म्याच्या बरेच वर जात होते. म्हणजे ‘मी फक्त भाकरीच खाते हो’ असं मी जे अभिमानानं सांगत होते, तीच अडचण होती. आणि दंडात पुन्हा बळ यावं म्हणून बँकेत भरणा न्यायच्या नाण्यांच्या पिशव्या मी आता शिपायाला उचलू देत नाही. तो बिचारा संकोचतो. त्याला वाटतं मॅडमचा विश्वास उडाला.

असं करताना आधी दोन किलो वाढले. पासष्टची सदुसष्ट. खोटं कशाला सांगू, काट्यावर उभी राहून रडले. कौतुक करणाऱ्या बायकांपैकी एकीनं बारकाईनं बघितलं आणि काही बोलली नाही, ते तर फारच झोंबलं. नंतर आकडा उतरायला लागला, पण पूर्वीसारखा नाही. महिन्याला किलो, कधी तेवढाही नाही. दिवसाला साधारण चौदाशे-साडेचौदाशे. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.1 झालं, अजून बारा नाही. पेढा आठवड्याला दोनदा, डाळ सोडून नाही, डाळीवर.

मागच्या महिन्यात आत्या डाव्या डोळ्यासाठी परत आली. येताना पिशवीत हुलगे आणि बाजरी. या खेपेला ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिनंच भाकऱ्या केल्या. मी नको नको म्हणत होते. परातीत पाण्याचा हात लावून ती गोल फिरवताना एका डोळ्यानंही तिचा काठ कुठं फाटला नाही. माझ्या ताटात भाकरी पडली आणि मी सवयीनं काटा ओढला. टुक्. आत्या हसली, “हाय व्हय अजून?” मग तिच्या वाटची भाकरी माझ्यापुढं धरली. “माझी जोख बघू.” मी ठेवली. एकशे बेचाळीस.

“म्हंजी किती?”

एकशे बेचाळीस म्हणजे किती हे तिला कसं सांगावं ते क्षणभर सुचेना. अदपाव आणि वर थोडी, मी म्हटलं. अदपाव म्हणजे सव्वाशे ग्रॅम; ते तिला कळलं. तिनं भाकरी उचलली, काठाचा एक तुकडा मोडला, माझ्या ताटात ठेवला आणि उरलेली परत काट्यावर ठेवून म्हणाली, “बघ आता. झाली का अदपाव?”

एकशे सव्वीस.